लाल बूच

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ती गेली, आणि शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं की आपला नवरा हट्टी आहे, तिरसट आहे, पण खोटं बोलणाऱ्यातला नाही. आता मुलाच्या क्वार्टरमध्ये, आर. के. पुरमला, बाल्कनीत बसून लिहितोय. नातीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणूनच लिहायला धीर होतोय — तेही सांगून टाकतो.

माझं शिक्षण चौथी. पण अक्षर असं, की मास्तर माझी पाटी वर्गात फिरवायचे. त्या अक्षरावरच मी दिल्लीत टिकलो. काका कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाउसात स्वयंपाकी होते. त्यांनी बोलावून घेतलं, आणि कुणाच्या तरी ओळखीने दिल्लीला लागूनच साहिबाबादला बॅटऱ्यांच्या कारखान्यात चिकटवलं. तिथे भट्टीवर शिसं वितळवायचे, त्याच्या जाळ्या ओतायचे. आधी मीही तिथेच खपलो. मग साहेबांच्या नजरेला माझं अक्षर पडलं आणि मला रजिस्टरावर बसवलं.

कसलं रजिस्टर? तेच तर सांगायचंय. हवेत शिसं किती आहे, कुठल्या माणसाच्या नाकाशी किती आहे, हे मालकाने मोजून लिहून ठेवायचं, असा कायदा आहे. माणूस नोकरी सोडून गेला तरी ते कागद वर्षानुवर्षं जपायचे. कारण शिसं सावकाश चढतं. आज श्वासातून गेलेलं हाताला कळायला दहा-दहा वर्षं जातात.

मोजायची रीत अशी — कामगाराच्या पट्ट्याला एक छोटा पंप अडकवायचा. त्याची नळी खांद्यावरून कॉलरपर्यंत आणायची. टोकाला प्लास्टिकची डबी, आत गोल कागद. पंप दिवसभर हवा ओढतो, शिसं कागदावर बसतं, डबी लॅबला जाते. आकडा आला की तो मी सुबक अक्षरात उतरवायचा.

पंप आले तेव्हा लॅबचा एक माणूस शिकवायला आला होता. भराभरा बोलला, अर्धं इंग्रजीत. शेवटी म्हणाला, "समझ गए?" मी म्हटलं, "बिल्कुल." काय समजलं होतं? नळी जोडायची, बटण दाबायचं, संध्याकाळी काढायचं. एक इंग्रजी कागदही दिला त्याने. तो मी घडी घालून खिशात ठेवला — जसा काही घरी जाऊन वाचणार होतो. पुन्हा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण भट्टीवरची माणसं बघत होती. आणि मी रजिस्टरवाला.

त्या डबीला दोन बाजूंना दोन बुचं असतात. एक नळीकडचं. ते काढल्याशिवाय नळी बसतच नाही, म्हणून ते काढायचो. दुसरं लाल, हवा आत शिरते तिथलं. ते मी कधी काढलंच नाही. वाटायचं, आतला कागद पडू नये म्हणून असेल. पंपावर काचेची एक बारीक नळी होती, तिच्यात गोळी. हवा वाहायला लागली की गोळी वर तरंगते. माझी कायम तळाशी. ती किती वर आली ते लिहायचा रकाना होता रजिस्टरात. पहिल्या ओळीत शिकवणाऱ्याने 'दोन' लिहिलं होतं. मी त्याखाली दोन, दोन, दोन लिहीत गेलो. गोळीकडे न बघता. तिथपर्यंत अडाणीपणा म्हणता येईल का? मला नाही वाटत.

लॅबचे आकडे यायचे जवळजवळ शून्य. मॅनेजरसाहेब खूश. म्हणाले, हवा इतकी साफ आहे, तर सारखं सारखं सगळ्यांचं रक्त कशाला काढायचं? रक्ताची तपासणी बंद झाली. कारण म्हणून माझं रजिस्टर जोडलं. मी तेव्हा मान ताठ करून चहा प्यालो होतो.

भट्टीवर दीनानाथ होता, उत्तर प्रदेशातल्या बलियाचा. धूर तिथे जास्त, म्हणून पंपाची नळी बहुतेक वेळा त्याच्याच गळ्याशी. मला लांबून पाहिलं की ओरडायचा, "आ गया मराठा, गाय के गले में घंटी बाँधने."

"गाय तो दूध देती है. तू क्या देता है?"

"तेरे रजिस्टर को नंबर देता हूँ, भाई. नहीं तो तू भूखा मरेगा."

डबा आम्ही एकत्र खायचो. माझ्या घरची पुरणपोळी म्हणजे त्याच्या लेखी मीठा पराठा. कितीदा नाव सांगितलं, त्याने बदललं नाही.

काही वर्षांनी लॅबकडून एक मुलगी आली, पुण्याची. कारखान्यात मराठी ऐकून मी फुललो. तिने डब्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, "काका, तुमचे आकडे इतके कमी कसे हो? हे लाल बूच काढता ना लावताना?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "म्हणजे काय, काढणारच. इतकी वर्षं झोपा काढल्या का इथे?"

"सॉरी काका, विचारावं लागतं," म्हणाली ती. माझी माफी मागितली तिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल बूच काढून मी पंप दीनानाथला लावला. पंपाचा आवाजच बदलला. रोज धापा टाकायचा, आता संथ चालला. आणि गोळी वर आली. बरोबर दोनवर. मी बघत उभा राहिलो. वाटलं — हा आकडा लॅबमधून येईल, मोठा येईल, आणि मग पहिला प्रश्न कुठला? आधीचे सगळे कसे काय? उत्तर द्यायला कोण उभा राहील?

मी पुढे झालो, दीनानाथच्या कॉलरला हात घातला आणि बूच परत दाबून बसवलं.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं. ढीला था."

त्या दिवसापर्यंत जे झालं ते न कळता झालं, असं मनाशी म्हणू शकतो. त्यानंतरची चार वर्षं मात्र मी जाणून बूच लावत होतो. रोज त्याच्याशी थट्टा करत लावत होतो.

मग दीनानाथचं पोट दुखायला लागलं. मग एक दिवस हातातली शिसं ओतायची पळी सुटली, आणि उजवा पंजा मनगटातून लोंबायला लागला. उचलायला जायचा, उचलेना. हॉस्पिटलात रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. आजार कामामुळे जडला असं ठरलं असतं, तर त्याचं औषधपाणी, पुढचं आयुष्य, सगळं निभावलं असतं. कारखाना म्हणाला, आमची हवा साफ आहे, हे रजिस्टर बघा. याने दुसरीकडे कुठे काय खाल्लं, काय हाताळलं, आम्हाला काय माहीत?

दीनानाथने भरपाईसाठी अर्ज केला, त्याच्या चौकशीला एक सरकारी अधिकारी आले. आम्हा दोघांना समोर बसवलं. रजिस्टर उघडं. त्यांनी पानं उलटली, म्हणाले, लिखावट अच्छी है. मग मला विचारलं, "पंप तरीके से लगता था?"

मी तोंड उघडायच्या आधी दीनानाथच बोलला. डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून बसला होता. "साहब, इसने लगाया है तो ठीक ही लगाया होगा. मराठा गलती नहीं करता."

अभिमानाने बोलला हो तो. माझ्या अभिमानाने.

अधिकारी माझ्याकडे बघत थांबले. चांगले थांबले. मी म्हटलं, "जी."

अर्ज फेटाळला गेला. दीनानाथ गावी गेला. जाताना मला भेटायला घरी आला, बायकोने पोळ्या बांधून दिल्या, त्याने त्या डाव्या हाताने घेतल्या. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या मुलाचा फोन आला, बाबूजी नहीं रहे. म्हणाला, आपको बहुत याद करते थे.

भट्टीवर तो एकटा नव्हता. बाकीच्यांची नावंही त्याच रजिस्टरात आहेत, आणि रजिस्टर कायद्याप्रमाणे अजून कपाटात असणार. त्यातल्या कुणाचा हात गळला तर कुणीतरी ते उघडेल. दोन, दोन, दोन. अक्षर लागायला अडचण येणार नाही.

बूच लावलेलं होतं. मला माहीत होतं.