वच्छलाकाकूंचा स्वतःचा उखाणा

तांदूळ निवडता निवडता वच्छलाकाकू उखाणे जुळवायच्या. आमच्या नंदनवन मोहल्ल्यात कुणाचंही लग्न ठरलं, की नवरी आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसे. सुपातले खडे वेचत काकू विचारत, "नवऱ्याचं नाव सांग, पोरी. अन् मायचं बी सांग." नवऱ्याचं नाव सगळ्याच उखाण्यांत असतं. आईचं फक्त काकूंच्या उखाण्यात असे.

मला त्यांनी दिला तो असा: 'गांधीबागेचं लुगडं, काठावर मोर, मधुकररावांचं नाव घेते सुमनबाईची पोर.' तो ऐकून सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. माझी आई मात्र स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून रडत होती. चारचौघांत तिचं नाव कुणी घेतलेलं मी त्याआधी ऐकलंच नव्हतं.

"घरात ताटं जर्मनची, अन् उखाण्यात पाहा, सारी चांदी!" काकू म्हणत. "मार खाल्लेली बाई बी त्यात राणीच असते. बाईच्या कवितेत खरी बाई कधी येतच नाही वं." हे त्या हसत सांगायच्या, म्हणून आम्हीही हसायचो.

त्यांचे यजमान वामनराव उमरेडच्या खाणीत नोकरीला गेले आणि तिथेच त्यांनी दुसरा संसार थाटला. काकूंनी शिवणकाम करून एकुलत्या लेकीला, शोभाला वाढवलं, मॅट्रिक केलं. हळदीकुंकवात बायका नाव घ्यायला लागल्या, की काकूंचा घसा बसलेला असे. कुणी आग्रह करत नसे.

शोभाचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांची अट एकच: मुलीचा बाप मांडवात दिसला पाहिजे. काकू एसटीनं उमरेडला गेल्या, सवतीच्या दारात उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला लग्नाला घेऊन आल्या. तिथे काय बोलणं झालं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पंगतीत विहीणबाई म्हणाल्या, "साऱ्या मोहल्ल्याले उखाणे देता म्हणे. आज तुमचा होऊन जाऊ द्या. का नाव घ्याले काही अडचण आहे?" वाढणाऱ्या बाया जागीच थांबल्या. शोभानं हातातला घास खाली ठेवला. पुरुषांच्या पंगतीत वामनराव खाली मान घालून बुंदी खात होते. काकूंनी पदर सावरला.

'चांदीच्या वाटीत केशराचा रंग, वामनरावांनी दिला जन्मभराचा संग.'

टाळ्या पडल्या. विहीणबाई खूश झाल्या. मी काकूंना नळापाशी गाठलं. "लेकीसाठी खोटं बोललं तर पाप नाही लागत वं," त्या म्हणाल्या, "पण मले माह्याच तोंडाची लाज वाटून राहिली." त्यानंतर त्यांनी कुणालाच उखाणा जुळवून दिला नाही. पोरी येत, थोडे तांदूळ निवडू लागत आणि तशाच परत जात.

काही वर्षांनी काकू गेल्या. वामनराव आले ते हिरवं लुगडं घेऊन. बायांनी काकूंना ते नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला, ओटी भरली. "पुण्यवान बाई! सवाष्ण गेली," जी ती म्हणत होती. मला रडू येईना, नुसता संताप येत होता. शोभा आईच्या निऱ्या सारख्या करत बसली होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "मायले हिरवा रंग आवडतच नव्हता वं, ताई. कोणी इचारलंच नाही."