लेकीच्या लुगड्याची गोधडी

लग्न होऊन मी हसनाबादजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा निजामाचं राज्य होतं. सोळा वर्षांची होते आणि वर्षभरातच मला दिवस गेले. त्याच हिवाळ्यात देवीची लस टोचायला आलेली नर्सबाई आमच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकली. तालुक्याच्या दवाखान्यात गरीब बायका बाळंत होतात, पण लेकराला गुंडाळायला कापड नसतं, असं तिनं सासूबाईंना सांगितलं. परवाच एकीनं पोत्यात गुंडाळून मूल घरी नेलं होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आळीतल्या बायकांना बोलावलं. कापसाची वेचणी उरकली होती, त्यामुळे दुपारी सहा-सात जणी जमू लागल्या. कुणी जुनं धोतर आणी, कुणी विटलेलं लुगडं. ते धुवायचं, थरावर थर अंथरायचे आणि कडेपासून टाके घालत मधोमध यायचं. बोलता बोलता चार-पाच छोट्या गोधड्या झाल्यासुद्धा.

शेजारच्या काकूंचा टाका सगळ्यांत बारीक. त्यांची एकुलती एक लेक आदल्या वर्षी सासरी बाळंतपणात गेली होती. मूलही राहिलं नव्हतं. तेव्हापासून काकू कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवत नसत. इथंही मान खाली घालून शिवत बसत.

एका दुपारी त्या एक हिरवं लुगडं घेऊन आल्या. लेकीला सातव्या महिन्यात ओटीत दिलेलं. फार तर दोनदा नेसलेलं, ती गेल्यावर सासरहून परत आलेलं.

"पेटीत ठिवून काय करू?" त्या म्हणाल्या. "कसर लागून राह्यली."

कुणी हात पुढं केला नाही. शेवटी एक जण हळूच म्हणाली, "बाळंतपणात गेलेलीचं कापड लेकराच्या अंगावर कसं घालायचं? आन इथं ही पोटुशी पोर बसलेली."

काकूंनी लुगड्याची घडी घालायला घेतली. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण काकूंची घडी काही केल्या नीट बसत नव्हती.

"आत्याबाई, ह्याला मीच टाके घालते," मी म्हणाले.

आत्याबाईंनी लुगडं काकूंच्या हातून घेतलं आणि जुन्या धोतराच्या थरांवर अंथरलं. एका बाजूनं काकू शिवत होत्या, दुसऱ्या बाजूनं मी.

आठवड्यानं आम्ही तिघी बैलगाडीनं दवाखान्यात गेलो. नर्सबाईनं गोधड्या हातात घेऊन पाहिल्या, खूश झाली आणि म्हणाली, "फक्त जरा जड आहेत. धुतल्या की दोन-दोन दिवस वाळायच्या नाहीत."

कोपऱ्यातल्या खाटेवर माझ्याच वयाची एक बाळंतीण होती. सोबतीला कुणी नव्हतं. काकू हिरवी गोधडी घेऊन तिच्यापाशी गेल्या.

"पोरी, माझ्या लेकीच्या लुगड्याची हाय. ती बाळंतपणात गेली. नको वाटत असंल तर दुसरी देते."

तिनं गोधडीवरून हात फिरवला. "तिचं लेकरू?"

"तेबी न्हाई राह्यलं."

मग तिनं बाळ गोधडीत गुंडाळलं आणि काकूंपुढं धरलं. "घ्या जरा. मला पाणी प्यायचंय."

पाणी पिऊन ती आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. काकू बाळाला मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. बाळ कुरकुरलं की मांडी हलवायच्या. गाडीवानानं दोनदा हाक मारली, पण आत्याबाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

परतताना काकू म्हणाल्या, "पुढच्या पातळ शिवू. तीनच थर घालू. बराबर वाळतील."

पुढच्या आठवड्यापासून बायका काकूंच्याच अंगणात जमू लागल्या. मला चैत्रात मुलगी झाली. माहेर दूर म्हणून बाळंतपण सासरीच केलं. तिसऱ्या दिवशी काकू पदर खोचून माझ्या खोलीत आल्या, पाटावर बसून पाय लांब केले आणि म्हणाल्या, "आणा लेकराला. पाणी निवून राह्यलं." त्यानंतर चाळीस दिवस तिला त्यांनीच न्हाऊ घातलं.