जहाजावरच्या बाईला मायनं सांगितलेलं

आमचं वालूर गाव सोडून मुंबईला गेलो तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. पुढं सात वर्षं मात्र समुद्रावरून आलेल्या माणसांनाच शहर दाखवत फिरलो.

हिवाळ्यात परदेशातली मोठी प्रवासी जहाजं मुंबईला लागतात. बहुतेक एकच दिवस थांबतात. जहाजावरची काही माणसं बसमधून घोळक्यानं शहर बघतात. ज्यांना घोळका नको असतो ती स्वतंत्र गाडी घेतात. तसल्या गाडीवर मी होतो. ड्रायव्हर मीच आणि माहिती सांगणाराही मीच. परभणीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो, त्याचा एवढा एकच उपयोग झाला. सकाळी आठला बंदराच्या गेटवर हातात पाटी धरून उभं राहायचं, दिवसभर फिरवायचं, आणि काही झालं तरी चारच्या आत माणसं जहाजावर परत पोचवायची.

दिवसभर मी इतका बोलायचो की संध्याकाळी घसा बसायचा. खोलीवर आम्ही पाचजण राहायचो, पण पाचांच्या पाच पाळ्या. एक उठायचा तेव्हा दुसरा झोपायचा. कित्येकदा आठवडाभर मराठीत माझं बोलणं म्हणजे चहावाल्याला ‘एक दे’ आणि रविवारी मायला फोन, एवढंच.

माय वालूरला एकटी होती. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. बहीण लग्न होऊन पालमला. शेत चुलतभावाला बटईनं दिलेलं. रविवारच्या फोनवर आमचं ठरलेलं बोलणं असायचं.

‘‘जेवलीस का?’’

‘‘जेवले. तू?’’

‘‘जेवलो.’’

‘‘काय केलतं?’’

मग मी कसली तरी भाजी सांगायचो. ती म्हणायची, ‘‘बरं, ठिवते. तुझं काम असंल.’’

एका माघात कल्याणला आमच्या नात्यातलं लग्न होतं. गावातून वीस-पंचवीस माणसं आली, त्यांच्यात मायही आली. लग्न लागल्यावर सगळ्यांची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. मायनं सगळ्यांना सांगितलं, ‘‘येक दिवस पोराकडं राहून येते.’’ मी तिला संध्याकाळी खोलीवर घेऊन आलो. सोबत्यांनी मोठ्या मनानं खोली मोकळी केली. पण दुसऱ्याच दिवशी जहाज लागणार होतं आणि माझी गाडी आधीच ठरलेली होती. सुट्टी मागितली, मिळाली नाही. परक्या पुरुषांच्या खोलीत तिला दिवसभर बसवून ठेवणंही जमेना. शेवटी तिला बरोबरच घेऊन निघालो. गाडीत प्रवाशांशिवाय कुणाला बसवायचं नाही असा नियम होता. मी ठरवलं की त्यांनाच विचारायचं.

त्या दिवशी एक म्हातारं जोडपं होतं. कुठल्या तरी थंड देशातलं. नवरा उंच, गळ्यात कॅमेरा, दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं. बायको बारीक अंगाची, पांढरे केस आखूड कापलेले. मी गेटवरच सांगून टाकलं, ‘‘ही माझी आई. गावाहून आलीय, संध्याकाळी परत जाणार आहे. तुमची हरकत नसेल तर पुढच्या सीटवर बसेल. नसेल चालणार तर मी तिला इथंच बसवतो.’’

ती बाई मायकडं बघत म्हणाली, ‘‘इथं? रस्त्यावर? दार उघडा, बसू द्या त्यांना.’’

माय पुढं बसली. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. सकाळी मी इंग्रजीत सुरू झालो तो थांबलोच नाही. गेटवे, फुलांचा बाजार, जुन्या दगडी इमारती. माय एकदा माझ्या तोंडाकडं बघायची, एकदा खिडकीबाहेर. मधेच मला वाटायचं, हिला दोन शब्द सांगावेत. पण मागून प्रश्न यायचा आणि राहून जायचं.

धोबीघाटाच्या पुलावर मी गाडी थांबवली. ती दोघं कठड्याशी उभी राहून फोटो काढू लागली.

मायनं विचारलं, ‘‘हे काय बगायलेत?’’

‘‘कपडे धुतेत ते.’’

‘‘कपडे धुतेले बगायला इतक्या लांबून आले?’’ मग म्हणाली, ‘‘आपल्या गावाला आले असते तर म्या फुकट दाखवले असते.’’

मी हसलो. दिवसभरात आम्ही दोघं एकमेकांशी बोलून हसलो ते तेवढंच.

दुपारी त्यांना बाणगंगेला नेलं. चारी बाजूंनी पायऱ्या, मधे तळं, भोवती देवळं आणि दाटीवाटीची घरं. तिथं माय पहिल्यांदा न सांगता गाडीतून उतरली. सरळ पायऱ्या उतरत खाली गेली, पाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं आणि ओल्या पायरीवर बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, ‘‘आपल्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत जात्यात. ह्या सरळ हायेत. पण बरं वाटलं बग. सकाळपून पाणी दिसायलंय, पण हात लावावं असं हेच.’’

नवरा वर देवळांचे फोटो काढत होता. ती बाई हळूहळू पायऱ्या उतरून आली आणि मायच्या शेजारी बसली. मी दोघींच्या समोर, एक पायरी खाली उभा राहिलो. मग ती मला म्हणाली, ‘‘तुमच्या आईला विचारा, गावाकडं त्यांचा दिवस कसा जातो?’’

मी विचारलं. मला वाटलं, माय म्हणेल, जातो की. पण ती पाण्याकडं बघत राहिली आणि मग सावकाश बोलायला लागली.

‘‘सांग तिला. पहाटं उठते. झाडून घेते. येकटीला काय लागतंय, पण दोन भाकरी टाकते. येकीसाठी चूल पेटवावी वाटंना. येक खाते, येक उरती. दुपारी कडी लावून पडते. मग वाटतं, कुणी आलं आन् कडी बगून माघारी गेलं तर? म्हून उठते, कडी काढते, पुन्हा पडते. कुणी येत न्हाई. दिवस बुडाला की टीवी लावते. बगत न्हाई. घरात कुणीतरी बोलायलंय, येवढं वाटावं म्हून लावते. आतवार आला की सकाळपून फोन पदरात बांधून ठिवते. फोन आला की मग काय बोलावं ते सुचंना. तुला घाई असती, मला कळतंय. सांग तिला.’’

मी ऐकत होतो. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी कधी विचारलं नव्हतं. परक्या बाईनं विचारलं म्हणून मला कळत होतं, आणि तेच मला आता तिच्या भाषेत सांगायचं होतं.

मी सांगितलं, ‘‘ती म्हणते, स्वयंपाक करते, घर आवरते, दुपारी आराम करते. संध्याकाळी टीव्ही बघते. मजेत आहे.’’

ती बाई माझ्याकडं बघत राहिली. ‘‘एवढंच? त्या तर बराच वेळ बोलत होत्या.’’

‘‘आमच्या भाषेत जरा लांबण असते,’’ मी म्हणालो.

माय म्हणाली, ‘‘समदं सांगितलंस का?’’

‘‘सांगितलं.’’

‘‘लवकर झालं.’’

बाईनं मग मायचा हात हातात घेतला आणि तिच्याकडंच बघत बोलायला लागली. मध्ये मी आहे हे जणू ती विसरली होती. ‘‘माझ्या नवऱ्याला आता फारसं ऐकू येत नाही. यंत्रं लावून थकतो, काढून ठेवतो. घरात मी जे बोलते ते माझं मलाच ऐकू येतं. मुलगी आहे. गाडीनं तीन तासांवर राहते. चार वर्षांत घरी आली नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी मिटवता आलं असतं. काहीच झालं नाही. नुसती आली नाही. हिवाळ्यात ते घर खायला उठतं, म्हणून आम्ही दर हिवाळ्यात जहाजावर येतो. लोक म्हणतात, केवढी हौस यांना फिरायची.’’ मग तिला माझी आठवण झाली. ‘‘हे सांगा त्यांना,’’ ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. न आलेल्या मुलीपाशी माझी जीभ अडली. मी म्हणालो, ‘‘त्यांना येक मुलगी हाय. आन् त्यांना फिरायची लय हौस हाय. दर साली जहाजानं फिरतेत.’’

मायनं तिचा हात थोपटला. ‘‘नशीबवान हाय बाई,’’ ती म्हणाली. ‘‘फिरून घे. हातपाय हायेत तंवर फिरून घे.’’

त्या बाईला वाटलं, मायला सगळं कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माय गडबडली.

‘‘ही का रडायली रं?’’

‘‘ऊन लागलं असंल डोळ्यांला,’’ मी म्हणालो, आणि घड्याळ बघून दोघींना उठवलं.

मी असं का केलं, याची कारणं नंतर मी स्वतःला पुष्कळ दिली. चारची घाई होती. प्रवाशाला उदास करायचं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. मायला उगाच कशाला घोर. यातलं प्रत्येक कारण थोडंथोडं खरं होतं. पण दोघी बोलत होत्या ते एका न येणाऱ्या पोराबद्दल, आणि ते पोर मधे उभं होतं.

बंदराच्या गेटवर त्या बाईनं मायला मिठी मारली. मायला मिठीची सवय नाही, ती ताठ उभी राहिली, मग एक हात तिच्या पाठीवर ठेवला. बाईनं माझा ईमेल लिहून घेतला, फोटो पाठवते म्हणाली. नवऱ्यानं मान हलवली आणि दोघं आत गेली.

गाडी जमा करून मी मायला कल्याणला पोचवलं. दिवेलागणीची वेळ होती. फलाटावर आमची सगळी माणसं होती. डब्यात खिडकीशी बसल्यावर माय मला म्हणाली, ‘‘तुला लय बोलता येतं रं. दिवसभर बोलायलास. बारका होतास तवा बी इतकं बोलला न्हाईस.’’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कौतुकच होतं. गाडी हलली. मी फलाटावर बराच वेळ बसून राहिलो, कारण खोलीवर जाऊन कुणाशी काय बोलायचं ते कळत नव्हतं.

महिनाभरानं फोटो आला. पायरीवर दोघी. माय पाण्याकडं बघतेय आणि ती बाई मायकडं. मी फोटोत नव्हतो, फक्त माझी सावली दोघींच्या पायांशी होती. चैत्रात जहाजं बंद झाल्यावर गावाकडं गेलो. वाटेत परभणीला एका स्टुडिओत तो फोटो कागदावर छापून घेतला. मायनं तो उजेडात धरून पाहिला. ‘‘बाई गुणाची होती,’’ म्हणाली. ‘‘नशीबवान होती.’’

तो शब्द मला सहन झाला नाही. ओसरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. बाई खरं काय बोलली ते, आणि तिचं स्वतःचं बोलणं मी कसं कापलं तेही. माय गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

‘‘म्हंजी म्या तिला नशीबवान म्हणले? ती येवढं सांगायली आन् म्या तिला असं म्हणले?’’

‘‘तिला कळलं न्हाई माय, तू काय म्हणलीस ते.’’

‘‘मला तर कळलं ना आता.’’ गहू बाजूला सारून म्हणाली, ‘‘तवाच का न्हाई सांगितलंस? म्या काहीतरी बोलले असते तिला. मला येतं की त्यातलं बोलायला.’’

ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला समोर बसवलं आणि त्या बाईला काय लिहायचं ते सांगितलं. ‘‘लिही, पोरानं तवा सांगितलं न्हाई, आता सांगितलं. लिही, पोरीवर रागावू नको. तीबी कुठंतरी येकटीच असंल. लिही, मालकाला ऐकू येत नसंल तरी बोलत जा, त्येला तोंड हलतेलं दिसतं ना. आन् लिही, हिकडं आली तर माझ्याकडं ये. आपण दोघी बसू.’’ मी शब्द न् शब्द इंग्रजीत केला. काही गाळलं नाही. फोनवरून तिच्यादेखत पाठवलं.

उत्तर आलं नाही. रविवारच्या फोनवर आता जेवणानंतर एक प्रश्न वाढला. ‘‘आलं का त्या बाईचं?’’ मी म्हणायचो, ‘‘न्हाई अजून.’’ दिवाळीपर्यंत विचारत होती. मग विचारायची थांबली, आणि ती थांबली हे माझ्या दोन-तीन आठवड्यांनी लक्षात आलं.

पुढं साथीत जहाजं यायची बंद झाली आणि मी वालूरला परतलो. जुनी गाडी घेऊन पाथरीला दर्शनाला येणाऱ्या लोकांची ने-आण करू लागलो. मायबरोबर तीन वर्षं राहायला मिळालं. फार बोललो असं नाही. सवय नव्हती, तिलाही आणि मलाही. पण मी घरी असलो की ती टीव्ही लावायची नाही.

दोन वर्षांपूर्वी माय गेली. बहिणीला, भावकीला, गावाला सांगायचा प्रश्नच नव्हता, सगळे तिथंच होते. तेराव्यानंतर माणसं पांगली, बहीण पालमला गेली, तेव्हा मला वाटलं, अजून एकीला सांगायला पाहिजे. मी त्या जुन्या पत्त्यावर ईमेल लिहिला. माय गेल्याचं लिहिलं. ती तुमची आठवण काढायची, तेही लिहिलं. मिनिटभरातच तो परत आला. असा पत्ता आता नाही, असं खाली लिहिलेलं होतं. तरी मी स्पेलिंग तपासून दोनदा पुन्हा पाठवून पाहिला. मग फोन खाली ठेवला. पाथरीला जाणारी माणसं सेलूच्या स्टेशनवर थांबली होती. मी किल्ली घेतली आणि निघालो.