सातव्या बेटाचे भावोजी

जी गोष्ट जगात अस्तित्वातच नाही तिच्यात संसार थाटून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघाला. भावोजींचं घर गोव्यात मांद्र्याला, नोकरी तुयेच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्याची आणि मुक्काम सातव्या बेटावर. हे सातवं बेट म्हणजे काय ते आधी सांगतो. एका परदेशी व्हिडिओ गेमचे ओळीने सहा भाग आले होते. प्रत्येक भागात एक नवं जादूचं बेट, आणि अंधाराच्या राजाने तिथला चोरलेला उजेड परत आणायचा. तो आणणारा नायक होडी वल्हवणारा. त्याचं मूळ नाव उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून भावोजींनी त्याला 'तारी' करून टाकलं, कारण आमच्याकडे नावाड्याला तारीच म्हणतात. त्याच्या सोबतीला गळ्यात कंदील बांधलेली एक पांढरी शेळी. सहाव्या भागाच्या शेवटी तारी एकटाच सातव्या बेटाकडे होडी लोटतो, शेळी कंदील घेऊन काठावर उभी राहते आणि पडदा काळा होतो. पुढे ती कंपनीच बंद पडली. खेळणाऱ्यांनी थोडे दिवस हळहळ केली आणि बहुतेक सगळे दुसऱ्या खेळांकडे वळले. भावोजींनी मात्र सातवा भाग स्वतःच्या अंगावर घेतला.

सकाळी पाव घेऊन येणारा पदेर भोंगा वाजवत अंगणात आला की भावोजी त्याची सायकल धरून ठेवायचे आणि सातव्या बेटावर बेकरी कुठे असावी, खाडीकडे की डोंगराकडे, असं विचारायचे. पहिले काही दिवस पदेर घाबरायचा. मग त्याचीही मतं ठाम होत गेली. "खाडयेकडेन नाका, उंडे मोव पडटले," असं त्याने एकदा बजावलं. खाडीच्या दमट हवेने मऊ पडलेला उंडा पाव राजासुद्धा खाणार नाही, हे भावोजींना तत्काळ पटलं आणि बेकरी डोंगरावर गेली. कारखान्यात कोल्हापूरकडची पोरं होती. त्यांनी तो गेम जन्मात पाहिला नव्हता, पण चहाच्या सुट्टीत तीच विचारायची, "साहेब, त्या शेळीचं म्होरं काय झालं?" ताई घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देते. त्यात एकदा या गेमचाच भक्त असलेला एक गोरा पाहुणा येऊन पडला. भावोजींनी त्याला नाश्त्याला जो धरला तो सोडेचनात. शेवटी त्याचं विमान चुकायची वेळ आली, तेव्हा ताईने त्याची बॅग स्वतः उचलून रिक्षात ठेवली.

मी सर्वणचा, डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवतो, आणि रविवारी ताईकडे जेवायला जातो. त्यामुळे सातव्या भागाचे जितके मसुदे मी ऐकलेत तितके कुणीच ऐकले नसतील. खेळातलं मला काही कळत नाही. एकदा तो कंट्रोलर हातात घेतला, तर तारीला पहिल्याच खडकावर आपटलं. भावोजी दिवसभर माझ्याशी तुटक बोलत होते. पण त्यांची कल्पना ऐकत राहावी अशी असायची. प्रत्येक मसुद्यात अंधाराचा राजा थोडा थोडा सुधारत गेला. त्याला मारायचं भावोजींच्या जिवावर येई. "तो वायट न्हय हो मास्तर," ते म्हणायचे, "ताका बसून कोणें विचारूंकच ना, तुका उजवाड कित्याक जाय म्हूण." उजेड कशाला हवा, हे राजाला कुणी विचारलंच नव्हतं; पुढे पुढे तर तोच तारीला चहा विचारू लागला.

फक्त शेवट काही जमत नव्हता. त्याचं कारण माझी भाची. ती लहान असताना दुसरा कंट्रोलर तिच्या हातात असे. तारी म्हणजे पपा आणि शेळी, आमच्या बोलीत बोकडी, म्हणजे ती, अशी त्या घरातली वाटणी होती. सहावा भाग संपला तेव्हा ती हुंदके देऊन रडली होती. "पपा, बोकडी एकटीच रावली!" भावोजींनी तिला मांडीवर घेऊन शब्द दिला, "सातव्यांत तारी परत येतलो." सातवा भाग येणार नाही असं कळलं तेव्हा जगाच्या लेखी एक खेळ बंद झाला, पण भावोजींच्या लेखी लेकीला दिलेला शब्द अडकला.

ती मोठी झाली, नर्स झाली, आणि तिला आयर्लंडला नोकरी लागली. निघण्याआधी शेवट ऐकायचाच, असं तिने जेवता जेवता बापाला सांगून टाकलं, "पपा, हांव वचचे आदीं शेवट सांगपाकच जाय." ती हसत होती. भावोजींचा घास मात्र हातात राहिला. तारी नुसता परत आला तर मग तो गेलाच कशाला, आणि नाही आला तर शेळीचं काय, या पेचात त्यांनी जेवण टाकलं. शेवटी ते देवळात गेले. आमच्याकडे अडलेला प्रश्न देवाला विचारतात, त्याला प्रसाद लावणं म्हणतात. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार. भटजींनी विचारलं, प्रश्न कोणाचा? भावोजी म्हणाले, "तारयाचो." तो तुमच्या घराण्यातला का, यावर ते जरा घुटमळले आणि "म्हणजे, तसोच," म्हणाले. देव बहुधा पेचात पडला असावा, कारण एकही पाकळी पडली नाही.

मग त्यांनी जगभरच्या खेळाडूंचा सल्ला घ्यायचं ठरवलं. इंटरनेटवर त्या गेमवेड्यांचा एक कट्टा अजून जागता होता. तिथे भावोजींनी स्वतःच्या इंग्रजीत सहाव्या भागातल्या निरोपाला एक संवाद जोडून दिला. होडी लोटताना तारी शेळीला म्हणतो, 'आय ॲम कमिंग.' त्यावर गदारोळ उडाला. हा तर निघालाय, मग येतोय कुठे? एकाने सिद्धांत मांडला की होडी उलटी चालते आहे. दुसऱ्याच्या मते शेळीमागे कुणीतरी लपलं होतं. भावोजी चक्रावले. निघताना माणूस 'येतां' म्हणणार नाही तर काय म्हणणार? 'वतां', म्हणजे जातो, असं म्हणणं किती अभद्र! मी खूप हसलो. ते हसले नाहीत. "त्या लोकांच्या दारांत वतना कितें म्हणटात काय?" ती माणसं दारातून निघताना म्हणतात तरी काय, हाच त्यांना प्रश्न पडला होता.

मोप्याच्या विमानतळावर आम्ही तिला सोडायला गेलो तेव्हाही शेवट तयार नव्हता. तिने विचारलं, "पपा, शेवट?" भावोजी म्हणाले, "करतां गो, करतां." ताईने डोळे पुसले, मीही पुसले. ती काचेच्या दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "पपा, येतां हां." आणि भावोजींच्या तोंडून, घरच्या उंबऱ्यावर निघतो तसा, 'ये'साठीचा आमचा शब्द निघाला, "यो."

परतीच्या वाटेवर भावोजींनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "मास्तर, शेवट गावलो. सगल्या भागांनी बोकडी एक उतर उलोवंक ना. सातव्यांत ती उलयतली. तारी म्हणटलो, येतां. ती म्हणटली, यो." सहा भाग मुकी असलेली शेळी आता बोलणार होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हांव इतकीं वर्सां समजतालों, तारी म्हळ्यार हांव. पूण होडी तिची. बोकडी हांव." काठावर उभी राहिलेली शेळी म्हणजे आपण, हे त्यांना आज कळलं, आणि मला त्या क्षणी या माणसाबद्दल फार माया वाटली. ताईने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या रविवारी त्यांनी मला विचारलं, हा 'यो' इंग्रजीत कसा लिहायचा? जाणाऱ्याला 'ये' म्हणायचं, हे त्या लोकांना कसं समजवायचं? मी मराठीचा मास्तर, पण हात टेकले. भावोजींनी मग तो शब्द आपल्या अक्षरांतच कट्ट्यावर टाकला. खाली जगभरच्या लोकांनी प्रश्नचिन्हं लावली. भावोजींनी कुणालाच उत्तर दिलं नाही. हल्ली ते पदेराची सायकलही धरत नाहीत. पदेरच आपणहून थांबतो, आणि मग पावाशिवाय काही बोलणं झालं नाही की जरा हिरमुसून पुढे जातो.

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्या सगळ्या प्रश्नचिन्हांच्या खाली, आयर्लंडहून, आपल्याच अक्षरांत दोन शब्द आले होते : येतां हां.

"तुमी मास्तर," भावोजी चष्मा पुसत म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आसा मू?"

मी म्हटलं, बरोबर आहे.