आईच्या फ्रिजमधला तळ्याचा गाळ

आमच्या डहाणूजवळच्या मसोलीच्या घरातला फ्रिज तसा सोशिक आहे. बोंबील आणि चिकू त्यात वर्षानुवर्षं शेजारी नांदत आले आहेत. पण त्या मे महिन्यात मी त्यात तळ्याचा गाळ ठेवायला काढला आणि आईने बोंबलांची बाजू घेतली.

"लोकांच्या पोरी पुण्याहून साड्या आणतात. माझी पोर तलासरीचा चिखल आणते," ती म्हणाली.

मी पुण्यात जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास करते. तळ्याच्या तळाशी गाळाचे थरावर थर बसतात आणि आसपासच्या झाडांचे, गवताचे परागकण त्यात अडकून राहतात. ओलसर रानातल्या झाडांचे जास्त सापडले, तर त्या काळी पाऊस दमदार होता. गवताचेच वाढले, तर कमी. म्हणून तळ्यात नळी ठोकून गाळ अखंड वर काढायचा आणि प्रयोगशाळेची गाडी येईपर्यंत थंड जागी ठेवायचा. हे सगळं मी घरी कितीदा तरी समजावलं होतं. आई मान डोलवायची आणि शेजारणीला सांगायची की पोर हवामान खात्यात आहे.

या खेपेचा गाळ मात्र तिच्या वडिलांच्या गावचा होता, तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातला. माझे हे आजोबा तरुणपणी तिथली भातशेती सोडून डहाणूला चिकूच्या वाडीत कामाला आले. का आले, यावर आमच्यात दोन पक्ष आहेत. आईचं म्हणणं, पाऊसच पडेना म्हणून. तिचा चुलतभाऊ, माझा मामा, अजून त्याच गावात राहतो. त्याचं म्हणणं, आजोबा धाकट्या भावाशी, म्हणजे मामाच्या वडिलांशी, भांडले आणि म्हाताऱ्या आईबापांना त्याच्या गळ्यात टाकून निघून गेले. "पाऊस काय आमच्या बांधावर वेगला पडत होता?" असं तो एका लग्नात चारचौघांत बोलला. तेव्हापासून आईने अबोला धरला तो धरलाच. विवळवेढ्याच्या देवीच्या जत्रेत दोघं समोरासमोर आली की दोघंही नारळ निवडण्यात गढून जातात.

मला मात्र गाळ काढायला मामाने पिंपांचा तराफा बांधून दिला आणि दिवसभर काठावर दोरी धरून उभा राहिला. निघताना पाण्याकडे बघत त्याने विचारलं, "तुझी आई बरी हाय ना?"

गाळ नेमका तिच्या वडिलांच्या गावचा हे कळल्यावर आईचा सूरच बदलला. बोंबील शेजारणीच्या फ्रिजमध्ये रवाना झाले.

"माझ्या बापसाचं साल यात असेल ना?"

"असेल की," मी नळीला प्लास्टिक गुंडाळत घाईत म्हणाले, आणि पुढचे काही महिने ते निस्तरत बसले. दर फोनवर एकच प्रश्न: निकाल लागला का? मी हजारो वर्षांचा पाऊस शोधत होते आणि आईला एकाच पावसाळ्याची साक्ष हवी होती. ती मिळाली की मामाचं तोंड बंद, आणि तिचा बाप पळपुटा नव्हता हे सिद्ध.

दिवाळीला घरी आले ती दुपारची. बॅग ठेवायच्या आत आईने समोर बसवलं. मी मोबाइलवर त्या गाळाचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावला.

"यात माझा बापूस कुठं?"

"अगदी वर." मी स्क्रीनवर बोट आडवं ठेवलं.

"मग? पाऊस नव्हता ना?"

'नव्हता' एवढंच म्हणायचं होतं. कोणी पुण्याहून तपासायला येणार नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघून मला ते फार म्हणावंसं वाटलं.

"आई, यात एकेक साल वेगळं दिसत नाही गं. बोटभर गाळात दोन-तीन पिढ्या बसतात. त्यातलं एखादं साल कोरडं गेलं असेल, नसेलही. मला सांगता येत नाही."

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, आता चिखलाचा आणि माझ्या शिक्षणाचा एकदमच उद्धार होणार.

"म्हणजे माझा बापूस आणि काका दोघं या बोटातच?"

"हो."

"आणि मी? भाऊ?"

"सगळेच."

ती चष्मा काढून पदराने पुसत बसली.

"मामाला फोन लाव," ती म्हणाली. "आधी तू बोल."

मी लावला. पण पलीकडून 'हॅलो' ऐकू येताच तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला, आणि इतक्या वर्षांनंतर नेमकं काय बोलायचं ते न सुचून, चार वाजायला आलेले असताना विचारलं, "भाऊ, जेवलास का रे?"