आतोबांची भाट्याची लढाई

शांततेच्या काळात माझ्या आतोबांइतक्या लढाया दुसऱ्या कुणी केल्या असतील असं मला वाटत नाही. महायुद्धात इराकात लढून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. रत्नागिरीत आत्याच्या नारळीच्या बागेत स्वस्थ बसावं, तर त्यांनी पलटणीत जाऊ पाहणाऱ्या तरुणांची तालीम सुरू केली. नुसती कवाईत त्यांना मान्य नव्हती. "लढाईत कुणी मंजुळ आवाजात हुकूम सांगत नाही," असं म्हणून ते भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत सोललेल्या नारळांची सोडणं पेटवून धूर करत, फटाके लावत आणि आत्याला पत्र्याचा डबा बडवायला बसवत. शत्रू बहुधा मी. शाळामास्तर असल्यामुळे ते काम मला शोभतं, असं त्यांचं मत. त्या गदारोळात हुकूम सुटायचे ते हिंदुस्तानीत, आणि चुकणाऱ्याच्या पाठीत ओल्या वाळूचा गोळा बसायचा. घरीही हिंदुस्तानीच. दारावर आलेल्या मासेवालीला त्यांनी एकदा दरडावून विचारलं, "मछली ताजी है क्या?" ती म्हणाली, "ताजी हाय, हवालदारानू. पन माज्यावर वरडताव कशाला?"

देवरूखकडचा धोंडू नावाचा एक शेतकरी तरुण तालमीला आला. अंगाने दणकट, हिंदुस्तानीच्या नावाने शून्य. पहिल्याच लढाईत आतोबा ओरडले, "लेटो!" सगळे आडवे झाले. धोंडू मात्र उभाच, आणि शत्रू म्हणून समोर आलेल्या मला जीव खाऊन ढकलतोय. पोरं हसायला लागली.

"अरे, ढकलतोस काय त्याला?"

"तुमीच म्हनलाव ना, लोटा?"

आतोबांनी हातातला वाळूचा गोळा टाकून दिला. मला म्हणाले, "इराकात माझा धाकटा भाऊ असाच उभा राहिला होता. तोही 'लोटा'च समजला. गोळी लागली तेव्हा मी त्याच्या शेजारी आडवा होतो." आत्याने डबा खाली ठेवला. तिलाही हे त्या दिवशीच कळत होतं.

पुढे धोंडूला त्यांनी घरीच ठेवून घेतलं. जेवताना मधेच "लेटो" म्हटलं की तो ताट सोडून आडवा व्हायचा, आणि आत्या त्याला ओलांडून भात वाढायची. यथावकाश तो भरती झाला. बंदरावर आम्ही त्याला पोचवायला गेलो. बोट दिसेनाशी झाली तरी आतोबा हलेनात.

मी म्हटलं, "सगळं शिकवलंत त्याला. आता काळजी कसली?"

"डोंगरातला पोरगा तो," आतोबा म्हणाले. "पोहायला शिकवायचं राहिलंच रे."