शकीलाच्या लग्नाची शाल

समजा, तुम्हाला मागावर बसायचंय. पाय खाली खड्ड्यात, पावडीवर. एका हातानं धोटा फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा, फणी ओढून धागा ठोकायचा. एवढं जमलं की हेच सगळं सावकाश करायचं, कारण समोर गोरे पाहुणे कॅमेरे रोखून उभे आहेत. हसायचं, पण मान वर करायची नाही. आणि कापड फार पुढं सरकू द्यायचं नाही.

मजीदमियाँ हे काम करत. वेरूळच्या रस्त्यावर काकासाहेबांचं हिमरू शालींचं दुकान होतं. दाराशी माग, आत शालींची कपाटं. आतल्या शाली यंत्रमागावरच्या, बाहेरगावाहून गठ्ठ्यानं यायच्या. मागावरचं कापड नुसतं दाखवायला.

"मजीद, सावकाश हाण रे," काकासाहेब म्हणायचे. "ताणा संपला तर दुसरा चढवायला लई दिवस जातात. तवर गिऱ्हाइकाला काय माझं तोंड दाखवू?"

हिवाळ्यात मुंबई बंदराला मोठाली जहाजं लागायची. त्यांतल्या पाहुण्यांना सकाळच्या विमानानं औरंगाबादला आणायचं, लेणी दाखवायची, दुकानात उतरवायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. जहाज पुढच्या बंदराला निघून जायचं. ही माणसं पुन्हा दिसायची नाहीत.

त्या वर्षी मजीदमियाँच्या लेकीचं, शकीलाचं लग्न सिल्लोडला ठरलं. त्यांच्या घरात मुलगी सासरी जाताना बापानं विणलेली शाल डोक्यावर घेऊन जायची. आजोबांनी विणली, वडिलांनी विणली. आता घरात माग राहिला नव्हता. त्यांनी भीत भीत विचारलं, "काकासाहेब, रेशीम माझं घालतो. शकीलाची शाल विणू का या मागावर?"

"विण की! माग चालता दिसला म्हंजी झालं. लेकीचं काम हाय, नाय कशाला म्हणू?"

शहागंजच्या बाजारातून रेशीम आलं. दिवसा पाहुण्यांसाठी बोटभर, संध्याकाळी दुकान बंद होईस्तोवर स्वतःसाठी वीतभर. शाल वाढू लागली.

पाहुण्यांना फिरवणारा युसूफ एकदा म्हणाला, "किसके लिए इत्ता दिल लगाके बुनरे, मजीदभाई?"

"शकीला की है. निकाह है उसका."

युसूफनं ते तिथल्या तिथं इंग्रजीत सांगितलं. बायकांचे डोळे भरून आले. एकीनं मजीदमियाँचा खांदा थोपटला. त्या दिवशी आतली कपाटं निम्मी रिकामी झाली.

"युसूफ," काकासाहेब म्हणाले, "हे लेकीचं रोज सांगत जा बरं का."

मग प्रत्येक बसला शकीलाचं लग्न सांगितलं जाऊ लागलं. खरं सांगायचं तर मजीदमियाँनाही ते आवडायचं. युसूफ बोलू लागला की ते आपणहून शालीची कड उचलून दाखवायचे.

लग्न तोंडावर आलं. शाल वीतभर राहिली होती. जहाजावरची एक उंच, म्हातारी बाई मागाशी आली. मजीदमियाँनी कड उचलून तिच्या हातात दिली. ती बराच वेळ बोटं फिरवत राहिली. युसूफ बोलला. तिनं काहीतरी विचारलं, युसूफनं उत्तर दिलं. बाईनं मजीदमियाँकडं बघत छातीवर हात ठेवला. त्यांनीही ठेवला. मग ती आत गेली.

थोड्या वेळानं काकासाहेब बाहेर आले, हातात कात्री.

"काकासाहेब, ही शकीलाची..."

"व्हय रे, ठाव हाय मला. पण बाईला हीच पायजे. आतल्या सगळ्या दाखवल्या, मान हलवती. गाडी उभी हाय, विमान सुटंल."

"अजून वीतभर राहिलीय."

"तिला अशीच पसंत हाय, तुझं काय जातंय? रेशमाचे पैसे दीन की. आन् आतली कुठली बी शाल घेऊन जा. चांगली झुळझुळीत घे. लेक काय उलटून बघणार हाय?"

कात्री आडवी चालली. तुटलेल्या ताण्याचे उभे धागे लोंबत राहिले. बसच्या खिडकीतून बाईनं हात हलवला आणि मजीदमियाँचाही हात सवयीनं वर गेला. त्या हाताला त्यांनी अजून माफ केलेलं नाही.

"मुँह में जबान नईं थी क्या?" घरी सगीरा, त्यांची बायको, एवढंच बोलली.

निकाहच्या दिवशी शकीलानं शाल हातात घेतली आणि उलटून पाहिली. हातमागाच्या हिमरूला मागच्या बाजूनं सुटे धागे असतात. लहानपणी ती अब्बाच्या मांडीवर बसून तेच ओढायची. या शालीची पाठ साफ होती. तिनं ती डोक्यावर घेतली.

"अच्छी है, अब्बा," ती म्हणाली.

आता शकीलाची मुलगी शाळेत जाते. बस आली की युसूफ अजून शकीलाचं लग्न सांगतो आणि मजीदमियाँ मान खाली घालून हसतात. कड मात्र उचलत नाहीत.

"उस दिन वो बुढ़िया क्या पूछी थी? तू क्या बोला था उसको?" त्यांनी युसूफला किती वेळा विचारलं.

"अरे मजीदभाई, जहाजवाली थी. इत्ते लोगां आते. किसको याद रहता?"

शाल लेकीची आहे हे ऐकूनच तिनं छातीवर हात ठेवला होता ना? मग तिनं ती मागितली कशी?